वाळ्याच्या पडद्यामागचा पियानो

पियानोचा मधला सा पुन्हा चढला होता. सकाळी शाळा भरण्यापूर्वी मी तो माझ्या ट्यूनिंग फोर्कशी नीट जुळवून गेले होते. दुपारी येऊन फोर्क आणि तार एकत्र वाजवली, तर आवाज हेलकावे खाऊ लागला. दोन स्वरांत थोडासा फरक असला की त्यांचा एकत्र आवाज लाटेसारखा लहानमोठा होतो. पदार्थविज्ञानात या लाटांना बीट्स म्हणतात. लाटा जितक्या जलद, तितका फरक मोठा. या लाटा चांगल्याच जलद होत्या.

हैदराबाद राज्य तेव्हा अस्तित्वात होते. मी बी.एस्सी. होऊन बिदरला मुलींच्या एका हायस्कुलात रुजू झाले होते. विज्ञान शिकवायला मी होते, परंतु प्रॅक्टिकलसाठी खोली नव्हती. खोली नाही म्हणून मॅट्रिकला विज्ञान घेण्याची परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून हुशारातल्या हुशार मुलीनेही गृहशास्त्र घ्यायचे, असा सगळा प्रकार होता. मला तो मान्य नव्हता.

शाळेच्या मागे एका दिवंगत जहागीरदारांचा बंगला होता. जहागिरी संपल्या होत्या. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारे गाव बेगमसाहेबा म्हणे, बंगला बंद करून हैदराबादला लेकीकडे निघाल्या होत्या. आपला दिवाणखाना त्या शाळेला वापरायला देणार होत्या. अट एकच होती. त्यांचा पियानो तिथेच राहील, आणि सुरात राहील. निघण्याच्या दिवशी त्या स्वतः वाजवून पाहणार होत्या. समाधान झाले तर किल्ली आमची. नाही तर दिवाणखाना गोदामासाठी मागणारा एक आडत्या दारात उभाच होता.

पूर्वी पियानो सुरात लावायला हैदराबादहून ट्यूनर येत असे. तो देश सोडून गेला होता. आमच्या हेडमिस्ट्रेस, म्हणजे मोठ्या बाई, मला म्हणाल्या, "तुम्ही फिजिक्सवाल्या. पियानो म्हणजे तारा आणि ताणच ना?" मी होकार दिला. माझ्या मते ते बरेचसे खरेही होते.

पियानोच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. पट्टी दाबली की आतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी त्या तिन्हींवर एकदम पडते. प्रत्येक तार एका लोखंडी पिनेला गुंडाळलेली असते, आणि ती पिन चावीने किंचित फिरवून सूर लावायचा असतो. दोन तारा कापडाने दाबून ठेवायच्या, तिसरी लावायची, मग उरलेल्या तिच्याशी मिळवायच्या. ट्यूनरची जुनी चावी बेगमसाहेबांनी जपून ठेवली होती. एक गोष्ट मात्र मला शिकावी लागली. सा वरून प, मग त्या प लाच सा धरून पुढचा प, असे अगदी शुद्ध जुळवत गेले, तर बारा स्वरांची फेरी पूर्ण होईपर्यंत शेवटचा स्वर पहिल्याशी जुळत नाही. म्हणून प्रत्येक जोडीत हिशेबाने थोडी चूक ठेवावी लागते, आणि ती बीट्स मोजून ठेवता येते. हे काम मला जमले. जमलेले टिकत नव्हते, ही अडचण होती.

पहिला संशय पिनांवर गेला. लाकूड जुने झाले की पिना सैल पडतात. परंतु सैल पिनेने तार ढिली होते आणि सूर उतरतो. इथे सूर चढत होता. कोणतीही पिन स्वतःहून घट्ट होत नाही. दुसरा संशय उन्हाचा. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणजे तेव्हाही सूर उतरायलाच हवा. एप्रिल महिन्याच्या दुपारी तो चढतो, याचा अर्थ कारण लोखंडात नसून लाकडात होते. तारांच्या मागे साउंडबोर्ड नावाची पातळ फळी असते. ती पाणी प्यायली की फुगते, आणि तिच्यावरून गेलेल्या तारा आपोआप ताणल्या जातात. पण बिदरच्या कोरड्या एप्रिल महिन्यात हे पाणी येत होते कोठून?

पियानो दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या दाराला अगदी लागून होता. दारात वाळ्याचा जाड पडदा होता. मदतीला दिलेला शाळेचा शिपाई अण्णाराव त्यावर घागरीने पाणी मारत होता.

"अण्णाराव, हे रोज करता?"

"व्हय बाई. बेगमसायबांचा हुकूम हाय. बाजाला लूची झळ लागू न्हाई म्हून. जहागीरदारसायब असल्यापासून असंच चालायलंय. आदी बाजाला गारवा, मग मान्सांला."

मी पडदा कोरडा ठेवायला सांगितले. सूर हळूहळू खाली आला आणि तिथेच थांबला. पुन्हा भिजवला, पुन्हा चढला. सकाळपासून पाणी मारले, तर दुपारी तीनच्या सुमारास मधले सप्तक ऐकवत नसे. एवढा पुरावा हाती आल्यावर मी बेगमसाहेबांपुढे गेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"यानी इत्ते साल हमीच उसकू सुर में लाते थे, हमीच बिगाड़ते थे?"

मी म्हटले, ट्यूनर उन्हाळ्यात दर महिन्याला येत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नसावे.

"उसकू मालूम था," त्या म्हणाल्या. "रोजी थी उसकी. काए को बोलता?"

पियानो हलवायला त्या तयार नव्हत्या. तो जहागीरदारसाहेबांनी ठेवलेल्या जागीच राहणार होता. पाणी थांबवायला मात्र परवानगी मिळाली. फळी एकदम सुकून तडकू नये म्हणून मी पियानोच्या खालच्या कप्प्यात पाण्याचा लहान लोटा ठेवला, लाकूड स्थिरावू दिले, आणि सगळे स्वर पुन्हा लावले. ते टिकले.

निघण्याच्या दिवशी मोठ्या बाईंनी शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांना बोलावले. वेळ चारची ठरली. सकाळचे वर्ग संपवून मी बंगल्यावर पोहोचले, तेव्हा दिवाणखाना छान गार होता आणि वाळ्याचा वास सुटला होता.

"अण्णाराव, पाणी कामून मारलं?"

"मोठ्या बाई म्हनल्या, सायबांला घाम यायला नको. म्या म्हनलं, फिजिक्सच्या बाईनं मना केलंय. तर म्हनल्या, त्या मोठ्या का मी मोठी? मग सकाळपासून मारायलोय."

मी फोर्क काढला. लाटा सुरू झाल्या होत्या, पण अजून संथ होत्या. मागच्या प्रयोगांवरून पुढचे दिसत होते. आता वाजवले तर निभावेल. चार वाजता निभावणार नाही. नव्याने सूर लावण्यात अर्थ नव्हता, कारण फुगणाऱ्या फळीवर लावलेला सूर उभा राहत नाही.

मोठ्या बाईंना मी कार्यक्रम लगेच सुरू करण्यास सुचवले.

"साहेब येण्याआधी?" त्या म्हणाल्या. "मला औरादसारख्या आडगावी बदली करून घ्यायची हौस नाही."

"साहेबांना पियानो कळतो का?"

"कळण्याचा प्रश्नच नाही. समोर बसण्याचा आहे."

मग मी आत जाऊन बेगमसाहेबांना खरे तेच सांगितले. त्या सामान बांधण्याचे थांबवून उठल्या. मोठ्या बाई दारातच होत्या. त्यांच्याकडे पाहून बेगमसाहेबा म्हणाल्या, "साब कू शरबत पिलाओ. बाजा मेरा है."

समोर मॅट्रिकच्या वर्गातल्या मुली, अण्णाराव, आणि दाराकडे डोळे लावलेल्या मोठ्या बाई. बेगमसाहेबांनी एका जुन्या जर्मन रचनाकाराची छोटी रचना घेतली. तिच्यात उजवा आणि डावा हात दोन वेगळ्या चाली वाजवतात आणि एकमेकांना ओलांडून जातात. अशा रचनेत बेसूर लपत नाही. ती स्वच्छ उतरली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बेगमसाहेबांनी दुसरी, संथ रचना सुरू केली. तिच्यात मधला सा लांबवर धरून ठेवायचा होता, आणि तो लांबताच मला लाट ऐकू आली. त्यांनाही आली. त्यांनी हात उचलले.

"ये पानी का है?"

"जी."

"सूखे तो फिर बैठेगा?"

"दोन-तीन दिवसांत. मी मोजून पाहिलं आहे."

"और तुम? तुम यां रहते क्या?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. एम.एस्सी.साठी माझा हैदराबादला अर्ज गेलेला होता. मी तसे सांगितले. त्यापूर्वी दोन मुलींना ट्यूनिंग शिकवीन, असेही सांगितले. शिकवायला खोली लागेल, हे मी बोलले नाही. त्यांनी झाकण लावले, थोडा वेळ त्यावर हात ठेवला, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

इन्स्पेक्टरसाहेब ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा आले. पडद्यासमोर बसून त्यांनी शरबत घेतले, जागा प्रॅक्टिकलसाठी उत्तम गार आहे असे म्हणाले, आणि विज्ञानाच्या परवानगीची शिफारस केली. कार्यक्रमाबद्दल त्यांनी विचारले नाही. मोठ्या बाई काही दिवस माझ्याशी फक्त चिठ्ठीने बोलत होत्या.

तो वाळ्याचा पडदा मी मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या दाराला लावून दिला. अण्णारावला पाणी मारण्याची पूर्ण मोकळीक होती. पियानोच्या दाराला साधा जाड कापडी पडदा आला. पहिल्या तुकडीच्या मुलींनी बीट्सचे प्रॅक्टिकल त्या पियानोवरच केले, आणि मी हैदराबादला गेल्यावर तो सुरात ठेवण्याचे काम त्यांतल्या दोघींनी सांभाळले.

वस्तूला काय सोसते, हे त्या वस्तूलाच विचारावे. तिचा मान राखणाऱ्यांना विचारू नये.