ठाण्याच्या अंगणातला आरोपी

खुनाच्या कितीतरी केसेस आता विसरलो, पण कापलेल्या केळीच्या बागेची ती केस अजून डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडे, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो.

हद्दीत पारध्यांची एक वस्ती होती. अमावास्या आली, की तिथल्या तरण्या पोरांना संध्याकाळी बोलावून ठाण्याच्या अंगणात रात्रभर बसवायचं आणि उजाडल्यावर सोडायचं, अशी तिथली जुनी वहिवाट. तिला हजेरी म्हणत. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या ज्या कायद्याने इंग्रजांनी ती सुरू केली, तो कधीच रद्द झाला होता, पण ठाण्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नोंद अर्थातच कुठे नसे. मी आल्या आल्या हा प्रकार बंद करायला सांगितलं. हवालदार 'बरं साहेब' म्हणाले. एवढ्यावर काम झालं असं समजणारा फौजदार नवखाच म्हणायचा.

पुढच्या अमावास्येला मी क्राईम मीटिंगसाठी जळगावला मुक्कामी होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो, तर ठाण्यासमोर अर्धं गाव जमलेलं. एका शेतकऱ्याची कापणीला आलेली बाग रात्रीत कोणीतरी कोयत्याने आडवी केली होती. गावच्या पोलीस पाटलांनी खबर दिली होती, की वस्तीतला आयटीआय झालेला पोरगा आदल्या दिवशी त्या बांधावर दिसला. हवालदारांनी त्याला सकाळीच उचललं आणि दुपारपर्यंत कबुलीही घेतली. इतका झटपट तपास पाहून मला धास्तीच वाटली.

त्या पोराचं नाव मला माहीत होतं. दीपनगरच्या वीज केंद्रात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. त्या वस्तीतून तिथवर पोचणारा तो पहिलाच. गुन्हा लागला असता, तर जागा गेली असती.

त्याला समोर बसवलं. डावा कान हाताने दाबून तो खाली बघत होता.

"बाग तू कापलीस?"

"हो साहेब."

"कोयता विहिरीत टाकलास?"

"हो साहेब."

"उंटावर बसून आला होतास ना?"

"हो साहेब."

मार खाल्लेला माणूस प्रश्न ऐकत नाही, फक्त पुढचा फटका चुकवतो. त्याला पाणी द्यायला सांगून मी बाहेर आलो. फाटकाशी त्याची आई बसली होती. रडत नव्हती.

"साहेब, पोरगा रातभर तुमच्याच अंगनात बसेल व्हता," ती म्हणाली. "मी सोता भाकर आनून देली त्याले. मंग बाग कापाले गेला कधी?"

रात्री पहाऱ्यावर असलेल्या शिपायाला आत बोलावलं.  बुटांकडे बघत तो म्हणाला, "खरं आहे साहेब. चौघं होते. उजाडल्यावर सोडले."

हवालदारांना हे ठाऊक होतं, कारण हजेरीला बोलावलं त्यांनीच होतं. मी विचारलं तेव्हा ते बिचकलेही नाहीत. "पाटलांनी नाव दिलं, गाव दारात उभं. कोणीतरी दाखवावा लागतो साहेब. आता हे डायरीत लिहाल, तर बेकायदा डांबल्याचं आपल्यावरच येईल. पोरगं सुटेल, आपण अडकू. तुमच्या नोकरीची तर सुरुवात आहे."

संताप आला, आणि त्याहून जास्त किळस. मी स्टेशन डायरी ओढली आणि स्वतःच्या हाताने नोंद केली: संशयित घटनेच्या रात्री याच ठाण्यात, बेकायदेशीरपणे, बसवून ठेवलेला होता. वरिष्ठांना अहवाल गेला. हवालदार निलंबित झाले. मलाही खुलासा द्यावा लागला आणि कित्येक महिने ठाण्यात माझ्याशी कामापुरतंच बोललं जाई.

बागेचा छडा दोन दिवसांत लागला. पाण्याच्या पाळीवरून भांडण असलेला मालकाचा चुलतभाऊ निघाला. केळीचा चीक धुऊन जात नाही. त्याचे डागाळलेले कपडे गोठ्यात गवताखाली सापडले. पोलीस पाटलांना वस्तीतल्या पोराचं नाव सुचवणारा तोच होता.

पोराला मी सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं. कानाचा पडदा फाटला होता. चारित्र्याचा कागद मी स्वच्छ लिहून धाडला. पण वैद्यकीय तपासणीत तो बाद झाला. ते सांगायला तो स्वतः ठाण्यात आला, आणि त्याला खुर्ची देताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "वाईट वाटतं रे. पण खरं बाहेर आलं. खात्यानं ते लिहून मान्य केलं."

उजवा कान माझ्याकडे करून त्याने ते नीट ऐकून घेतलं.

"साहेब, खरं तं मी पहिल्या थापडीच्या आधीच सांगेल व्हतं."

पुढे धुळ्याकडे बदली झाली, बढत्या मिळाल्या, नव्या पोरांना तपासाचे धडेही दिले. प्रत्येक वर्गात मी हीच केस सांगत असे. त्यांना वाटे, साहेब आता तपासाची हुशारी सांगणार. हुशारी काहीच नव्हती. खबर, चौकशी, डायरी, अहवाल एवढं सगळं करून आम्ही जिथे पोचलो, ते त्या पोराने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, आणि तेव्हा त्याचे दोन्ही कान शाबूत होते.