सात जणांचा संघ आणि पाटीवरची एक ओळ

१५ जानेवारी १९८६, बुधवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पूर्णा स्टेशनच्या फलाटावर बसून मी थैलीतले ब्रश पुन्हा एकदा मोजत होतो. घरून निघताना आई म्हणाली होती, "करीच्या दिवशी कुणी घर सोडतंय का रे? संक्रांतीचा दुसरा दिवस हाय." मी म्हणालो, विद्यापीठाचं काम आहे, विद्यापीठ कर पाळत नाही. आता वाटतं, आईचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण मग हे लिहायला काही उरलं नसतं.

काम असं होतं. मी पाट्या रंगवतो. शाळा नववीत सुटली, पण अक्षर आणि शुद्धलेखन सुटलं नाही. परभणीला विद्यापीठाच्या क्रीडाविभागातल्या सरांनी मला एक पाटी दिली होती: 'पुरुष फुटबॉल संघ : कर्णधार'. महिलांचा संघ कधी नव्हताच, तरी 'पुरुष' लिहायचा सरांचा आग्रह होता, उगाच कुणाचा गैरसमज नको. १९७२ पासून १९८५ पर्यंत चौदा हंगाम, चौदा ओळी, ओळीला सहा रुपये. शीर्षक फुकट, कारण सर म्हणाले ते ओळीत धरत नाहीत. अनावरण सव्वीस जानेवारीला.

पॅसेंजर वेळेवर आली, म्हणजे पाऊण तासच उशिरा. परभणीला उतरलात तर स्टेशनबाहेर चहा घ्या, पोहे घेऊ नका. क्रीडाविभागाच्या खोलीत माझी पाटी दोन बाकांवर पालथी पडली होती आणि तिच्यावर कुणीतरी डबा खाल्ला होता. मी ती पुसून चौदा रेघा आखल्या. मग सरांची यादी घेतली. नावं तेरा.

"सर, १९७८ कुठं आहे?"

"त्या साली संघ नव्हता. सत्त्याहत्तरनंतर डायरेक्ट एकोणऐंशी घे."

"रेघा चौदा आखल्यात, सर."

"मग एक खोड. आणि एकोणऐंशीच्या कर्णधाराचं पूर्ण नाव माझ्याकडं नाही. वालूरला जाऊन विचारून ये. पाटीची प्लाय त्यांनीच देणगी दिलीय, नाव चुकलं तर माझी पंचाईत होईल."

प्रवासखर्च? सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

परभणीहून सेलू रेल्वेनं आणि सेलूहून वालूर एसटीनं. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी एसटीत उजव्या बाजूला बसू नये, तिकडच्या खिडक्या उघडत नाहीत आणि डावीकडच्या बंद होत नाहीत. दोन्हीकडं उभी ज्वारी आणि तिच्यावर राखणीची पोरं. वालूर मोठं गाव आहे. बारव पाहण्यासारखी आहे, पायऱ्या सुंदर, फक्त गावानं तिच्यात काय काय टाकलंय ते आधी वरून बघून घ्यावं.

एकोणऐंशीचे कर्णधार नागनाथअप्पा, त्यांचं दुकान पेठेत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, समोर तिजोरी आणि तिजोरीवर फुटबॉल. चामडं उललेलं, हवा गेलेली, वर हळदीकुंकवाचं बोट. अप्पांनी माझ्या हातावर तीळगूळ ठेवला, पूर्ण नाव स्वतः सांगितलं, आडनाव दोनदा सांगितलं आणि जेवायला बसवलं. बाजरीची तिळाची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी. या प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण इथलं, आणि फुकट.

"अप्पा, हा बॉल इथं कसा?"

"रिवाज हाय आमचा. हंगाम संपला की त्या सालचा बॉल कॅप्टननं घरी न्यायचा. जो बॉल नेतो त्योच कॅप्टन, बाकी सब कागदं झूट."

"आणि १९७८ ला?"

"त्या साली संघच न्हवता. माहौल ठीक न्हवता." अप्पांनी मला आणखी लोणी वाढलं. "माझा बॉल बघा, पार फाटलाय. त्याच्या आधल्या सालचा कसा कोरा करकरीत होता! एकच मॅच खेळलेला. माझा लय डोळा होता त्याच्यावर. पण चुडाव्याचा किसन घेऊन गेला."

मी घास खाली ठेवला. "संघ नव्हता, तर मॅच कोण खेळलं?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग डबा उघडून माझ्या हातावर दुसरा तीळगूळ ठेवला. पहिला अजून संपला नव्हता.

रात्री उशिरा मी पूर्ण्याला पोचलो. झोप लागली नाही. लोकांना भुताची भीती वाटते, मला रिकाम्या ओळीची.

दुसऱ्या दिवशी चुडावा. पूर्ण्याहून नांदेडकडं निघालं की लगेच लागणारं स्टेशन, तिकीट काढून पिशवीत ठेवेपर्यंत उतरायची वेळ येते. स्टेशनबाहेर एका म्हाताऱ्याला विचारलं, "किसन कुठं राहतात? फुटबॉल खेळायचे ते."

"कॅप्टन? त्यो काय, बॉल टांगलाय तिथं."

सायकलचं दुकान. पत्र्याखाली तारेला फुटबॉल लटकत होता, अगदी गोल, एरंडेल लावून चकचकीत. आत किसनभाऊ ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधायलेत. तिशी ओलांडलेले, पोट सुटलेलं. मी कशासाठी आलो ते सांगितलं.

"मराठवाड्यात माझ्यासारखा सेंटर हाफ झाला न्हाई," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "लिही तसं पाटीवर."

"पाटीवर फक्त नाव असतं. पण सर म्हणतात, त्या साली संघ नव्हता."

ट्यूबमधून बुडबुडे यायला लागले. किसनभाऊंनी तिथं अंगठा दाबून धरला.

"निवड झाली आणि कॅप्टन मला केलं. मग त्या पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. थंडीत स्पर्धा आली. परभणी स्टेशनवर सोळा जण यायचे होते, आमी सात. चारजण आमच्या वस्तीतले, तीन पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमधले."

"आणि वालूरचे अप्पा?"

"आला होता की. फलाटापर्यंत. डबा घेऊन. डबा आमाला दिला आन् आपण परत गेला." ते हसले. "धपाटे होते. चांगले होते."

"ते म्हणाले, माहौल ठीक नव्हता."

"माहौल आमालाच ठीक न्हवता, लेका. आमी तरी गेलो. सात माणसं असली की नियमानं मॅच होती. झाली. सहा गोलनं हरलो."

(पूर्ण्याला त्यांच्या गोलकीपरला मी नंतर भेटलो. तो म्हणाला नऊ. कॅप्टनला मोजता येत नाही असंही म्हणाला.)

"मग विद्यापीठात नोंद कशी नाही?"

"तिकटं आमची आमी काढली. बिल न्हाई लावलं. बिल न्हाई तर संघ न्हाई." अंगठा काढून त्यांनी ठिगळ बसवलं. "हे बघ पेंटर, अर्धं गाव मला कॅप्टन म्हणतंय ते खरं म्हणून आन् अर्धं चिडवायला. सव्वीस तारखेला मी येणार. पाटीवर नाव नसलं तर ह्यो बॉल उतरवतो, मग म्हणा काय म्हणायचं ते."

चहा त्यांनी पाजला. साखर दुकानातल्या ग्रीससारखी, चमच्यानं काढावी अशी.

आता माझी अवस्था पाहा. नाव लिहिलं तर सर पैसे देणार नाहीत. नाही लिहिलं तर एका माणसाच्या दुकानावरचा बॉल खाली येणार. चौकशी करणाऱ्याला कुणी काही देत नाही, पण काळजी मात्र दोन्हीकडून मिळते. २४ तारखेला सर ध्वजाच्या दोरीसाठी बाजारात गेले होते, तेव्हा मी न खोडता मोकळी ठेवलेली ती ओळ भरली. घाई होती, तरी वेलांट्या नीट आल्या.

२६ जानेवारी. झेंडा झाला, पाहुण्यांनी पडदा ओढला. मग पाहुण्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सगळी नावं मोठ्यानं वाचली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, किसन... मंचावर बसलेल्या अप्पांनी हातातल्या नारळाची शेंडी निरखायला घेतली. मागं, इस्त्रीचा शर्ट घालून, किसनभाऊ उभे होते. टाळ्या पडल्या. लोकांना तेरा नावं आणि चौदा नावं यांतला फरक कळत नाही, ते सगळ्यांनाच टाळ्या वाजवतात.

सरांनी मला पाटीमागं नेलं.

"ही ओळ पुसून टाक."

"पुसली की खालचा रंग निघतो, सर. अख्खी पाटी पुन्हा करावी लागेल. चौऱ्याऐंशी रुपये. आणि प्लाय घासायचे वेगळे."

सरांनी नखानं कडेचा रंग खरवडून पाहिला. "बजेट नाही," ते म्हणाले. "राहू दे. पण ह्या ओळीचे सहा रुपये मिळणार नाहीत. रेकॉर्डला नसलेल्या कामाचं बिल निघत नाही."

बाहेर किसनभाऊ थांबले होते. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, "अक्षर जरा मोठं घ्यायचं होतंस."

संध्याकाळच्या गाडीनं पूर्णा. ज्यांना कुणाला ही पाटी बघायची असेल त्यांनी क्रीडाविभागात विचारावं. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली डबा खायला गेलेली असते. सातवी ओळ. पाटीतली सगळ्यात सरळ ओळ तीच आहे, हे मी रंगारी म्हणून सांगतो.

हिशेब. रेल्वे, एसटी, सगळ्या खेपांचे मिळून एकवीस रुपये. चहा-नाश्ता चार. रंग आणि एक ब्रश अठरा. एकूण खर्च त्रेचाळीस. मिळाले : आगाऊ चाळीस आणि नंतर अडतीस, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. देणं कुणाचं नाही. येणं : विद्यापीठाकडून सहा रुपये. आई म्हणते, सोडून दे, सहा रुपयांनी काय होतंय. मी सोडणार नाही. ते सहा रुपये देताना त्यांना पावतीवर लिहावं लागेल, कोणत्या सालच्या ओळीचे. दर महिन्याला मागायला जायचं ठरवलंय. जाऊन-येऊन पाच रुपये लागतात.