हाताला गार लागणारं रॉकेल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. अलिबाग तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात स्टो पेटवताना एक बाई भाजली. ठाण्यात निनावी फोन आला, "नवऱ्यानंच जाळलंय." मी पंचनामा केला, रॉकेलचा कॅन जप्त केला आणि नवऱ्याला अटक केली.

इस्पितळात बाईनं जबाब दिला, "काडी वढली न् हवाच पेटली. आमच्यांनी कांय केलं न्हाय."

नवऱ्याला पाठीशी घालतेय, असं मी ठरवून टाकलं. असले जबाब खूप पाहिले होते ना! त्याचीच घमेंड.

चौकशीत नवरा रडत एकच सांगायचा, "सायेब, रॉकेलच वेगलं व्हतं. होरीचं डांबर कारायला हाताला लावलं, त हात बर्फावानी गार परलं."

मी त्याच्यावर खेकसलो. तिसऱ्या दिवशी आमचे हवालदार, जातीनं कोळीच, दबकत म्हणाले, "साहेब, होडीचं डांबर हाताला लागलं की आम्ही ते रॉकेलनंच काढतो. हात तेलकट होतो, गार नाही पडत."

मी जप्त कॅनमधलं थोडं माझ्या तळहातावर ओतलं. हात गारठला आणि बघता बघता जवळजवळ कोरडा झाला.

रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून वाडी एकाच दुकानातून ते घेत होती. त्या दुकानावर छापा घातला, तर मागच्या खोलीत हेक्झेनचे, म्हणजे कारखान्यात वापरतात त्या द्रावकाचे, ड्रम सापडले. रॉकेल काय, हेक्झेन काय, दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्याच. पण हेक्झेनची साखळी आखूड, म्हणून ते चटकन उडतं, खोलीभर पसरतं आणि काडी ओढताच भडकतं. वासापुरतं रॉकेल मिसळून हा नालायक दुकानदार ते स्टोसाठी विकत होता. वर मलाच म्हणतो, "सगळेच विकतात, साहेब." निनावी फोनही त्याच्याच दुकानातून आला होता.

कोर्टात अहवाल देऊन मी नवऱ्याला सोडवलं आणि स्वतः जीपनं इस्पितळात नेलं. बाई तासाभरापूर्वीच गेली होती. नर्स म्हणाली, "रोज विचारायच्या, आमचे आले का?"

दुकानदाराला पुढे जामीन मिळाला. त्याचा संताप आहेच. पण त्याहून जास्त राग माझा मला येतो. ज्यानं नावसुद्धा सांगितलं नाही, त्याचं मी लगेच खरं मानलं. ती बाई भाजलेल्या अंगानं खरं सांगत होती, आणि मी तिच्या माणसाला कोठडीत ठेवलं.