सगळ्यांना एकच मेसेज

अबुधाबीतल्या रुवैसमधली आमची मराठी उपासना रविवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत होते. ती एकच खोली पाच भाषांच्या मंडळ्या वाटून घेतात. दहापेक्षा कमी माणसं येऊ लागली की ती वेळ दुसऱ्यांना जाते.

आधी आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे एल्डर, एक म्हातारे फोरमन होते. दर शनिवारी चहा घेऊन बसायचे आणि कामगारांच्या कॅम्पातल्या एकेकाला फोन करायचे. "काय रे, उद्या येतोस ना? गुडघा कसाय?" माणसं बावीस, फोन बावीस. ते रिटायर होऊन नगरला गेले, तेव्हा पाळकसाहेबांनी काम माझ्यावर सोपवलं.

मी प्लँटमध्ये प्लॅनिंगला. बावीस फोन म्हणजे सरळ दोन तास. मी ग्रुप काढला आणि वेळ, गेट, बस कुठे थांबेल, असं सगळं एका मेसेजमध्ये टाकलं. खलास.

पहिल्या रविवारी चौदाजण आले, पुढच्या दोन रविवारी अकरा आणि सात. मुलगी फोन बघून म्हणाली, "डॅड, एव्हरीवन हॅज सीन इट."

बायको भाजी चिरत होती. "मेंढपाळानं मेंढरांना नोटीस लावली होय?"

पाळकसाहेबांनीही खोलीचा विषय काढला. मग शनिवारी मी मुकाट्यानं फोन घेऊन बसलो. पहिला एका वेल्डरला.

"मेसेज मिळाला नव्हता का?"

"मिळाला की साहेब. पण तो सगळ्यांना होता."

"मग?"

"मग काय, मला कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर त्याच्या पोरीचा ताप, सासऱ्याचं ऑपरेशन, सगळं ऐकलं. प्रभू एकेकाला नावानं हाक मारतो, हे मी लहानपणापासून ऐकतोय. त्याला वेळ किती लागत असेल, याचा हिशेब कधी केला नव्हता. चहा दोनदा गरम करावा लागला.

दुसऱ्या दिवशी सोळाजण आले. खोली राहिली.

पुढच्या शनिवारी माझे फोन संपले आणि लगेच नगरहून म्हाताऱ्यांचा आला.

"काय रे, उद्या येतोस ना?"

"बाबा, खोलीची किल्ली माझ्याकडेच असते."

"म्हणून तर विचारतो. बाकीच्यांना तू विचारतोस. तुला कोण विचारणार?"

माझ्या बाविसांत मी नव्हतोच.

"येतो," म्हटलं. मग त्यांनी माझं ब्लडप्रेशर विचारलं.