ऑफिसच्या व्हरांड्यात भरलेली आमची शाळा

त्या सोमवारी आमच्या गावची शाळा गावात भरलीच नाही. ती भरली थेट साहेबांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात...

आमचं गाव वारंगा फाट्यापासून आत. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक. दिवाळीनंतर एका सरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. राहिलेले सर एकटेच चारही वर्ग सांभाळायचे. माझी आर्या पहिलीत... संक्रांत झाली तरी तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

तालुक्याला गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे अर्ज दिले, फोन केले. "बघू" यापुढे काही मिळालं नाही. लोक एकेक करून लेकरं इंग्लिश स्कूलच्या व्हॅनमध्ये बसवायला लागले. पट असाच घसरला असता तर शाळाच गेली असती.

शेवटी पालकांची मिटींग झाली. पुरुष मंडळी म्हणाली, शाळेला कुलूप ठोकू. तेव्हा मागे बसलेली सुनीता उठली. ही माझी शेजारीण, हळदीच्या कामावर जाते. तिची दोन्ही लेकरं याच शाळेत. चारचौघांत तिला बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"कुलूप काहून लावायचं? नुकसान लेकराचंच व्हतंय. शाळाच घेऊन जाऊ साहेबाकडं."

सगळे हसले... ती नाही हसली.

सरांना आम्ही यात ओढलं नाही. हळद वाहायचा टेम्पो धुऊन घेतला, सतरंज्या टाकल्या आणि आम्ही आयाच मुलांना घेऊन निघालो. मी डी.एड. केलंय, पण नोकरी लागली नाही, घरची शेती बघते. सुनीता म्हणाली, "वैनी, शिकवायचं तुमी."

व्हरांड्यात प्रार्थना झाली. भिंतीला छोटा फळा टेकवून मी खडू घेतला आणि बाराखडी लिहिली. मग मुलं माझ्यामागं मोठ्यानं म्हणायला लागली आणि मी कुठे उभी आहे हेच विसरले...

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. चेहऱ्यावर राग स्पष्ट दिसत होता. ते काही बोलायच्या आत सगळी मुलं उठून उभी राहिली, "नमस्ते सर." आर्यानं विचारलं, "तुमीच आमचे नवे सर का?"

साहेब जरा खाली वाकले. "नाही बाळा. येतील तुमचे सर."

"कवा?"

साहेब कारकुनाकडे वळले. म्हणाले, "यांच्या शाळेची फाईल आणा." मग आमच्याकडे बघून, "मुलांना घरी न्या आता. काम होईल."

सुनीतानं हात जोडले. "व्हईल ना साहेब. पर कागद हातात आल्याबिगर शाळा सुटायची न्हाई."

साहेबांना हसू आवरलं नाही. आम्ही डबे उघडले, मुलं जेवली. दुपारचा गणिताचा तास चालू असतानाच नव्या बाईंच्या ऑर्डरचा कागद सुनीताच्या हातात आला...

टेम्पो गावात शिरला तेव्हा हलगी वाजत होती. मिटींगमध्ये हसणारेच सगळ्यात पुढे नाचत होते. सुनीताला काय करावं कळेना, ती पदर तोंडाला लावून नुसती हसत होती.

त्याच आठवड्यात नव्या बाई हजर झाल्या. आर्या आता नाव लिहिते... वहीत लिहिते, भिंतीवर लिहिते, पिठाच्या डब्यावरही लिहिते. व्हॅनमधली काही लेकरं परत आली आहेत. आणि परवा शाळा समितीची नवी अध्यक्ष निवडली गेली, एकमतानं. कोण, ते सांगायला नकोच.

नोकरी न लागल्याचं वाईट मला आजही वाटतं. पण त्या व्हरांड्यात मी अख्खा दिवस बाई होते, आणि तो दिवस मला सुनीतानं दिला.

सुनीता, हे फोनवर वाचत बसू नको. संध्याकाळी मीच येते वाचून दाखवायला... चहा ठेव.