एक पावसाळा जाऊ दे

कुठल्याही घरात शिरले की काका आधी भिंतीला तळहात लावायचे. घरातल्या माणसांना नमस्कार त्यानंतर. रामवाडीतल्या माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हाही कॉम्प्युटरमागच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, ओल हाय वो तुमच्याकडं."

पूर्वी मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून मी अजून मास्तर. आता छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करतो. फोनवर कुणी काही शोधलं की माझ्या गिऱ्हाइकाचं नाव वर यावं, हे माझं काम. पत्ता नीट लिहा, कामाचे फोटो टाका, लोकांकडून रेटिंगचे तारे मागून घ्या. हेच रोज दहा जणांना सांगून जीभ झिजली आहे. तुमच्याही ओळखीत असा एखादा कंटाळलेला माणूस असेलच.

काका पेणच्या आसपास घरं बांधायचे. हाताखाली तीन गवंडी, वीस वर्षं तेच तिघे. पूर्वी एक घर बघून लोक दुसरं बांधायला द्यायचे. आता गडबच्या बाजूला प्लॉट घेणारी माणसं ठाण्या-मुंबईची. ती शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात.

"फोनमध्ये मी नाय, म्हणजे कुठंच नाय," काका म्हणाले. "काम नाय मिळालं तर माझे गवंडी कंपनीच्या कामावर जातील. एकदा गेले की परत येत नायत, मास्तर."

मी वेबसाइट केली, नकाशावर खूण लावली. नंबर माझाच दिला, कारण बांधकामावर मिक्सरच्या आवाजात त्यांना फोन ऐकू यायचा नाही. रोह्याला त्यांनी थोडी घरं बांधली होती, म्हणून कामाच्या भागात रोहाही घातलं. आणि म्हटलं, "आता घरमालकांना तारे द्यायला सांगा."

"नवीन घरं हायत. एक पावसाळा जाऊ दे."

मी हसलो. त्यांचा तो नियमच होता. पाऊस संपला की मोटरसायकल काढून ते प्रत्येक नव्या घरी जायचे, भिंतीला हात लावायचे, मग घरमालकाकडे तारा मागायचे. तोपर्यंत नाही म्हणजे नाही. दुसऱ्या एका बांधकामवाल्याकडे पाया खोदतानाच पन्नास तारे जमले होते. काकांकडे वर्षाला चार-पाच. मी चिडायचो, ते चहा सांगायचे.

मग एका पावसात त्यांच्या नावावर एक तारा पडला. एकच. खाली लिहिलं होतं, "रोह्याच्या घराचा स्लॅब गळतो. फसवणूक." नाव कुणा बाईंचं.

मी म्हटलं, "काका, हे नाव तुमच्या यादीत नाही. तक्रार करतो, काढून टाकतील."

"थांबा. जावयाचं घर असंल, भाड्यानं दिलं असंल. कुणाचं तरी गळतंय ना?"

ते रोह्याला गेले. आपण बांधलेल्या अकराही घरांच्या गच्चीवर चढले, दुखऱ्या गुडघ्यानं, रेनकोट घालून. एकही गळत नव्हतं. परत आले ते आनंदानं नव्हे. "मला सापडलं नाय," एवढंच म्हणाले.

तक्रारीऐवजी मग मी त्या बाईंना उत्तर लिहिलं, की घर कुठलं ते कळवा. महिन्यानं फोन आला. शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या.

"अहो, ज्यानं बांधलं त्याचं नावच फोनवर कुठं नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. "रोहा टाकून शोधलं तर तुमचं आलं. राग आला होता, तिथंच लिहून मोकळी झाले. काढून टाकीन मी तो."

म्हणजे ही माझीच करामत. रोहा मीच घातलं होतं. काकांना सांगताना मला वाटलं, आता तरी चिडतील. त्यांनी विचारलं, "स्लॅब अजून गळतो काय?"

आणि गेले की! दुसऱ्यानं बांधलेल्या घरावर आधी ताडपत्री टाकली, दिवाळीनंतर गच्चीचा फुटलेला कोबा काढून नवा केला. बाई तो एक तारा बदलून लगेच पाच द्यायला निघाल्या. काका म्हणाले, "आता नको. तो एक हाय तो राहू दे. एक पावसाळा जाऊ दे."

त्या दिवशी मी आवाज चढवला. "काका, वर्षभर तो तारा तुमच्या डोक्यावर बसणार. लोक तो वाचून पुढं जातात. तुमचे गवंडी जातील!"

"परत गळलं तर पाच तारे खोटे पडतील, मास्तर."

गवंडी गेले. एक धरमतरच्या जेटीवरच्या कामाला, मग उरलेले दोघे कंपनीत. त्या मोसमात काकांना कुंपणाची एक भिंत मिळाली, ती त्यांनी स्वतः बांधली. शिमग्यानंतर एका दुपारी घरी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला संध्याकाळी कळलं.

नंतरचा पावसाळा संपला आणि बाईंनी आपला तारा बदलला. पाच तारे. खाली लिहिलं, "सगळा पावसाळा गेला. एक थेंब नाही." काकांचं नाव सरकत सरकत वर आलं.

गेल्या आठवड्यात ठाण्याहून फोन आला. "गडबला घर बांधायचंय. शोधलं तर तुमचंच नाव पहिलं."

"ते आता नाहीत," मी म्हटलं.

"मग नाव कशाला ठेवलंय?" माणूस वैतागला. त्याचं बरोबर होतं.

मी काकांचं पान उघडलं. 'कायमचे बंद' असं एक बटण असतं, ते दाबायचं होतं. दाबण्याआधी सहज कॉम्प्युटरमागच्या भिंतीला हात लावला. ती ओल काकांनीच काढली होती, पहिल्या वर्षी, न सांगता येऊन. तेव्हा मी म्हटलं होतं, लगेच तारा देतो. अर्थात ते एक पावसाळा थांबा म्हणाले होते.

भिंत कोरडी होती. त्याला तीन पावसाळे झाले.

मी सगळे तारे वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. त्यात माझा नव्हता.