गळ्याशप्पथ

रोगणाचा वास आला की विलायतेला परत निघालेल्या साहेबाच्या ठाण्यातल्या बंगल्यावरचा लिलाव आठवतो. पिसांच्या खोट्या माश्या लावून मासे धरायची त्याची रोगण दिलेली बांबूची काठी मी हातात घेतली, वाकवली. सोडताच ती सरळ झाली. पितळी रीळ करकरलं. माझ्या आतेभावाने सांध्यावर नख फिरवलं आणि कानात म्हणाला, "आतून किडलीय रे, सोड." मी घुटमळलो, तसं त्याने गळ्याची कातडी चिमटीत धरली. "गळ्याशप्पथ." मी घरी आलो. पुढच्या रविवारी कल्याणला नदीवर गेलो, तर तीच काठी त्याच्या हातात वाकलेली, टोकाला मासा धडपडत होता. "आलास? जाळी धर जरा." मी धरली. त्या माशाच्या आधी त्याच्या गळाला मी लागलो होतो, हे हल्ली हसत सांगतो. आतून हसू येत नाही.